उजवा कौल

जयसिंग मला न्यायला आला तेव्हा त्याच्या अंगाला अत्तराचा असा भपकारा येत होता, की गाडीची काच खाली करून मी धायरी फाट्यावरचा धूर पत्करला. गळ्यात बोटभर जाड साखळी, केसांना काळा रंग, आणि तो रंग घामाने कानामागे ओघळलेला. तरी मी गेले, कारण हा माणूस एकेकाळी माझा जीव होता.

तेव्हा धायरी खेडं होतं. आमची भावकी वेगळी, शेताचा बांध एक. दोन्ही घरं लग्नाला राजी झाली, पण रीतीप्रमाणे आधी भैरोबाला कौल लावला. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक कळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमची डावी पडली. उजवी संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी मी रागारागाने देवाला जाब विचारायला गेले, तर उजव्या खांद्यावर मुंग्यांची रांग. कुणीतरी तिथं गूळ चोळला होता. घरी ओरडून सांगितलं, पण देवाच्या शब्दापुढे पोरीचं कोण ऐकतो? पुढच्याच मुहूर्ताला मला एका दारुड्याच्या गळ्यात बांधलं.

गूळ कुणी लावला ते कधीच कळलं नाही. माझा संशय जयसिंगच्या आईवर, कारण मी तिला काळी वाटायचे. नवऱ्याची ओकारी पुसताना मी त्या बाईला शिव्या घालायचे आणि जयसिंगची कीव करायचे. बिचाऱ्याचंही वाटोळं झालं, असं मनात यायचं. त्या बिचाऱ्याच्या आठवणीवर मी अख्खा संसार रेटला.

आता माझा नवरा गेला, जयसिंगची बायकोही गेली. वारज्याला राहणारी माझी मुलगी उत्कर्षा मागेच लागली, की आई, सेकंड चान्स सगळ्यांना मिळत नाही. जयसिंगचा मुलगा पृथ्वीराजही आमच्या लग्नाला तयार होता. बिल्डर झाला तरी मूळचा गावचाच. आधी भैरोबाचा कौल घ्या, एवढंच त्याचं म्हणणं.

देवळाला आता चकचकीत फरशी आहे आणि तिच्यावर सांडून आंबलेलं नारळाचं पाणी. मुलं गुरवाला शोधायला गेली. आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी चेष्टेनं म्हटलं, की या वेळी देवाचा खांदा आधी धुऊन घे बाबा, तुझ्या आईचा काही भरवसा नाही. जयसिंग हसला.

"आई कशाला? मीच लावला व्हता गूळ."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो रंगात येऊन सांगू लागला. हडपसरच्या मामाने त्याला दुसरी मुलगी दाखवली होती, गोरी, शिकलेली. मला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं. मग पहाटे गुरवाच्या आधी येऊन त्याने काम उरकलं. आंघोळ करून आलो होतो, हे मात्र त्याने दोनदा सांगितलं.

"तू रडली असतीस गं गोदे. मला बघवलं नसतं," असं म्हणून त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

हात घामाने चिकट होता. मी माझा हात काढून पदराला पुसला. मला त्याची किळस आली, आणि त्याच्या नावाने जे जे उसासे टाकले होते त्यांचीही. दारुडा परवडला; तो निदान देवाच्या आड लपत नव्हता.

एवढ्यात मुलं गुरवाला घेऊन आली आणि आम्हाला गाभाऱ्यापाशी उभं केलं. गुरवाने देवाचे खांदे धुतले, कळ्या चिकटवल्या. हात काढतोय तोच उजवी टपकन खाली आली. पृथ्वीराजने घंटा बडवली. उत्कर्षाने फोटोसाठी फोन वर धरला.

जयसिंग माझ्याकडे वळला. "बघ, द्येव हो म्हणतोय."

"द्येवाला इचारलंस. मला कुठं इचारलंस?"

तो जरा गोंधळला, मग सगळ्यांकडे बघून हसत म्हणाला, "बरं, तुला इचारतो. करतीस का माझ्याशी लगीन?"

"न्हाई," मी त्याच्या तोंडावर सांगितलं, आणि तो रडतो का ते बघायला तिथंच उभी राहिले.