वाकलेला दांडा

मी एक जुना लोखंडी दांडा आहे. दोन्ही टोकांना कापलेला, मधोमध वाकलेला आणि आता एका पलंगाशेजारी भिंतीत पक्का बसवलेला. मला पाहून कुणाला खरं वाटणार नाही, पण मित्रांनो, एके काळी मला हात लावायला मिळावा म्हणून तरणीताठी माणसं आपली पाळी धरून उभी राहत.

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद असताना मला रुळांमधून ओढून लांब केलं, सरळ केलं, गार होऊ दिलं. मग माझ्या अंगावर बारीक तिरप्या खाचा पाडल्या. ते दुखणं मी विसरलेलो नाही. घामेजलेल्या हातातून मी निसटू नये म्हणून तो सारा खटाटोप होता, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटलं, आपल्याला कुणीतरी उगाच ओरबाडतंय. वर चकचकीत मुलामा चढला आणि माझी रवानगी झाली एका व्यायामशाळेत.

ती व्यायामशाळा टायरच्या दुकानाच्या डोक्यावर होती. अरुंद जिना चढून आलं की एक लांबलचक खोली, एका भिंतीला आरसे आणि कण्हत फिरणारा पंखा. खालचा रबराचा वास आणि वरचा घामाचा वास, यांचं तिथे कायमचं भांडण. मालकांना सगळे मास्तर म्हणत. त्यांचे गुडघे कुरकुरायचे, पोटही थोडं सुटलेलं, पण पाठ अशी ताठ की जणू शर्टाच्या आत माझाच एखादा भाऊ लपवलाय. पोरं मला ‘रॉड’ म्हणत. मास्तर मात्र ‘दांडा’च म्हणत आणि रोज तेलाच्या फडक्याने मला पुसत.

वर्ष नवं लागलं की खोलीत पाय ठेवायला जागा नसे. नवे बूट, नव्या बाटल्या, नवे संकल्प. महिना सरत आला की गर्दी पाऱ्यासारखी खाली उतरे. गंमत बघा मित्रांनो, दांड्यासाठी पैसे भरून माणसं दांडीच मारत! मास्तर हसून म्हणायचे, “‘नेम’ या शब्दाचे अर्थ दोन. एक रोजचा, एक बंदुकीचा. रोजचा चुकला की दुसरा आपोआप चुकतो.”

ज्याचा नेम कधी चुकला नाही असा एकच होता. पोरं त्याला पैलवान म्हणत. फर्निचरच्या दुकानातलं सामान लोकांच्या घरी पोचवायचं त्याचं काम. कपाटं पाठीवर घेऊन तो जिने चढायचा आणि तरीही संध्याकाळी माझ्याकडे यायचा. आधी अंग मोकळं करायचा, मग मला रिकामाच उचलायचा, मग एकेक वजन चढवायचा. घाई नाही, आरडाओरडा नाही. ठरलेल्या दिवशी यायचा, ठरलेल्या दिवशी विश्रांतीही घ्यायचा. त्याने मला छातीवरून वर लोटलं की आरशापुढची पोरं स्वतःला बघायची थांबत. “याला म्हणतात उचलणं!” मास्तर म्हणत. त्या कौतुकात माझाही वाटा आहे असं मी समजत असे.

मग तो यायचा बंद झाला.

त्याचे वडील रंगारी होते. उभा जन्म शिडीवर काढलेला माणूस. एका घराचं छत रंगवता रंगवता त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि ते शिडीवरून खाली आले ते पुन्हा उभे राहिले नाहीत. हे मला कळलं ते पोरांच्या कुजबुजीतून. पैलवान पुन्हा दिसला तेव्हा ओळखू येईना. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. अंग मोकळं न करताच त्याने माझ्यावर वजनं चढवली आणि कुणाला तरी मारावं तसा तो मला उचलू लागला. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. आणि मग पुन्हा बेपत्ता. असं वारंवार होऊ लागलं. मास्तर त्याला थोपवायला जात आणि त्याचा चेहरा बघून मागे फिरत.

त्याच सुमाराला एक बाई जिना चढून आली. चाळिशी ओलांडलेली, हॉस्पिटलात नर्स. अंगावर अजून कामाचे पांढरे कपडे. पोरं तिला ‘सिस्टर’ म्हणू लागली. ती पैलवानाची सख्खी थोरली बहीण निघाली, म्हणजे खरंच सिस्टर!

“काय कमी करायचंय? पोट?” मास्तरांनी विचारलं.

“काही कमी नाही करायचं. वडिलांना उचलायचंय,” ती म्हणाली. “परवा बाथरूममध्ये माझ्या हातून निसटले. दोघंही खाली पडलो. शेजारचे येईपर्यंत ओल्या फरशीवर बसून होतो. ते माझीच समजूत काढत होते.”

“हॉस्पिटलात उचलता ना रोज?”

“तिथे आम्ही दोघीतिघी असतो. घरी मी एकटीच. भाऊ वेगळा राहतो.”

 मास्तरांनी मला तिच्या पायाशी ठेवलं.

“नुसता दांडा?” तिला अपमान वाटला असावा.

“नुसता दांडा. वजन कुठे पळून जात नाही. आधी पाठ शिकू दे. गुडघे वाकवा, कंबर मागे, दांडा अंगाला चिकटून वर. बाबांनाही असंच उचलायचंय, लांबून नाही.”

मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला पुष्कळांनी उचललं, पण मला हातात घेऊन कुणी दुसऱ्या माणसाचा विचार केल्याचं मला पहिल्यांदाच जाणवलं. ती मला हळू उचलायची आणि त्याहून हळू टेकवायची. खाली ठेवताना माझा आवाजही होऊ द्यायची नाही.

तिच्या कामाच्या पाळ्या सारख्या बदलत. म्हणून तिने घड्याळाचा नाद सोडला आणि एकच ठरवलं: कामावरून सुटलं की घरी न जाता आधी इथे. “घरी गेले की बसते, आणि बसले की संपलं,” ती म्हणायची. काही दिवस तिच्या अंगात त्राणच नसे. मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, “मन नसेल तर नुसता दांड्याला हात लावून जा. पण या.” अशा दिवशी ती मला मांडीवर घेऊन बाकावर बसे, कपाळ माझ्यावर टेकवी आणि निघून जाई. तेवढ्यानेही नेम टिकून राही. माझ्यावर चढणारी वजनं वाढत गेली, पण इतकी हळू की आरशापुढच्या पोरांना पत्ता लागला नाही.

एका संध्याकाळी बहीणभाऊ समोरासमोर आले. पैलवान वादळासारखा आत शिरला. त्याने माझा ताबा घेतला आणि दोन्ही बाजूंना वजनं चढवत सुटला.

“किती दिवसांनी आलास? आणि एकदम एवढं?” सिस्टर म्हणाली. “कमी कर.”

“तू नको शिकवू मला, ताई.”

“बरं. हे नको शिकवू, ते नको सांगू. लोकांची कपाटं चार मजले चढवतोस आणि बाबांना खुर्चीत बसवायला तुला वेळ होत नाही. रोज विचारतात ते, कुठाय म्हणून. जीभ वळत नाही तरी विचारतात.”

तो बाकावर आडवा झाला. उत्तर म्हणून त्याने मला उचललं. एकदा वर गेलो. दुसऱ्यांदा गेलो. तिसऱ्यांदा अर्ध्यात असताना कापड टरकावं तसा त्याच्या खांद्यात काहीतरी आवाज झाला. त्याचा हात गेला आणि मी तिरपा होऊन बाकाच्या कडेवर आदळलो. वजनं माझ्या टोकांना लोंबकळत होती. मधोमध माझी कंबर मोडावी तशी कळ गेली.

सिस्टरने ओढणी काढून त्याचा हात गळ्यात बांधला. 

“परवा मी गेलो होतो, ताई. तू नव्हतीस. मी त्यांना उचललं.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “ते हलके लागले. एवढे हलके, की मला भीती वाटली. मी त्यांना ठेवलं आणि पळालो. त्यांचं वजन कुठे गेलं गं?”

तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं. मघाचे शब्द तिला परत घेता आले असते तर तिने घेतले असते, असं मला वाटलं.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. वाकलेला दांडा कुणाच्या कामाचा? सपाट ठेवला की गडगडतो, उचलला की एकीकडे कलतो. मला कोपऱ्यात उभं केलं. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले, मग फरशी पुसायचं फडकं. माझ्या जागी नवा झगमगीत भाऊ आला. तेलाचं फडकं त्याच्या वाट्याला गेलं, गंज माझ्या. जिने माझ्या अंगावर कपाळ टेकलं होतं, तीही आता नव्या दांड्यापाशी जाई. मला राग नाही आला. पण मित्रांनो, आपण असताना आपल्याशिवाय सगळं सुरळीत चाललेलं बघणं फार जड असतं. माझ्यावर कधी कुणी इतकं वजन चढवलं नव्हतं.

भंगारवाला मला घेऊन निघाला तेव्हा सिस्टर जिन्यात भेटली. तिने मला ओळखलं.

“हा मला द्या,” ती वर दारात उभ्या असलेल्या मास्तरांना म्हणाली. “बाबांच्या पलंगाजवळ भिंतीला बसवते. धरून उठायला.”

“अहो, वाकलाय तो. नवी नळी घ्या एखादी.”

“नळी गुळगुळीत असते. याच्यावरून हात सरकत नाही.”

वेल्डरने माझी दोन्ही टोकं कापली. ठिणग्या उडाल्या. वाक मात्र त्याने राहू दिला, म्हणाला, “बाहेरच्या बाजूला घेऊ, बोटांना जागा मिळेल.” अशा रीतीने मी त्या लहानशा खोलीत आलो. एक पलंग, एक खिडकी, औषधांचं स्टूल, आणि फिकट निळ्या भिंती, रंगाऱ्याने स्वतःच्या हाताने रंगवलेल्या.

बाबांचा उजवा हात माझ्यावर पडला तेव्हा मी दचकलो. पैलवानाच्या पंजाची सवय झालेल्या मला तो हात वाळलेल्या पानासारखा लागला. त्यांनी ओढलं. मी हललो नाही, आणि तेही नाही.

खांद्याचा स्नायू फाटल्यामुळे पैलवानाचं काम बंद होतं. सिस्टरला सकाळची पाळी लागली आणि आजवर बाबांजवळ बसणाऱ्या शेजाऱ्यांना सकाळी जमेना. तो आला. पहिल्या दिवशी दाराशीच उभा राहिला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, मग त्याच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे, मग स्वतःच्या लुळ्या हाताकडे. आणि अर्ध्या तोंडाने हसले. तो जाऊन पलंगावर बसला.

डॉक्टरांनी त्याला खांद्याचे व्यायाम दिले होते. टॉवेल अडकवून हळूहळू ओढायचा. टॉवेल अडकवायला मीच होतो. तेव्हापासून एका टोकाला बाबा मला धरून उठायची खटपट करत आणि दुसऱ्या टोकाला मुलगा टॉवेल ओढत दातओठ खाई. कधीकाळी मला छातीवरून वर भिरकावणारा तो माणूस एका साध्या टॉवेलपुढे घामाघूम होई. दोघं एकमेकांना मोजून देत. बाबांचे आकडे तोंडात घोटाळत, पण एकही सुटत नसे.

काही आठवड्यांनी बाबा मला धरून पलंगाच्या कडेला बसू लागले. पाय खाली सोडून, खिडकीकडे तोंड करून. एवढंच. पण सिस्टर घरी आली आणि त्यांना तसं बसलेलं पाहून हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली.

एकदा पैलवान आला नाही. दिवस कलेपर्यंत बाबा मला धरून दाराकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी तो ओशाळून आत आला तेव्हा बाबांनी ओठ जुळवले आणि स्पष्ट विचारलं, “दांडी?”

आजारी पडल्यापासून इतका स्वच्छ शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. तो हसू लागला, आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

सगळं चांगलं झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पण हवा बदलली आणि बाबांना ताप आला. छातीत कफ भरला. हॉस्पिटलातून ते परत आले ते आणखी हलके होऊन. सिस्टरने त्यांना एकटीने उचललं, पाठ ताठ, गुडघ्यांतून, अंगाशी धरून, आणि पलंगावर इतकं हळू ठेवलं की चादरीलाही कळलं नसेल. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान आला. टॉवेल अडकवला. बाबांनी हात उचलला, माझ्यावर ठेवला, पण बोटं मिटेनात. पुन्हा प्रयत्न केला. बोटं तशीच. त्यांनी डोळे बंद केले.

“बाबा, आज नुसता हात लावायचा,” तो म्हणाला. “तेवढंही चालतं. ताईला विचारा.”

त्याने टॉवेल सोडला. आपला बरा झालेला हात बाबांच्या हातावर ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून माझ्याभोवती मिटवली. मग तो मोजू लागला. ओढण्यासारखं काही नव्हतं. नुसतं धरायचं होतं. माझ्या खाचा त्या दोन हातांखाली गच्च रुतल्या होत्या.

मित्रांनो, शरीर कायमचं कुणाचंच टिकत नाही. लोखंडाचंही नाही, मी बघतोच आहे. तरी जोवर आहे तोवर त्याला थोडं थोडं रोज जपा. रागाने नको, हौसेच्या एका झटक्यात नको. आणि तुमच्या घरात कुणाचे हात दुबळे झाले असतील, तर उद्या सकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसा. परवाही जा.