विचारून खणलेला खड्डा

मी जुना आहे हे आधीच सांगतो, मित्रांनो, म्हणजे माझा तुटका पट्टा पाहून कोणी हसायला नको. खाली ताटाएवढी चकती, वर लांब दांडा आणि मुठीपाशी एक डबी, असा माझा अवतार. दुकानाच्या पाटीवर माझं नाव मेटल डिटेक्टर असं होतं. घरात मात्र मला टुणटुण्या म्हणतात. जमिनीखाली धातू असला की मी टुणटुणतो. त्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते रियाधच्या अल मलाझमधलं दुकान. तिथून एका कंपनीने मला हफ्र अल बातिनला नेलं. तिथे वारा सुटला की वाळू सगळं झाकून टाकते, पाण्याच्या पाइपांची लोखंडी झाकणंसुद्धा. ती शोधणं हे माझं काम. मला चालवायचे जलालभाई, मूळचे श्रीवर्धनचे. झाकण सापडलं की माझ्या दांड्यावर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास रे टुणटुण्या." तेवढं कौतुक मला पुरे व्हायचं. पुढे कंपनीत नवीन यंत्र आलं आणि मी भंगारात निघालो. जलालभाईंनी साहेबांना विचारून मला घरी आणलं.

"घरात भंगार कमी होतं का, म्हणून हे आणलंत?" हलिमाभाभी दारातच म्हणाल्या. तरी मला धूळ लागू नये म्हणून त्यांनीच आपली जुनी ओढणी माझ्याभोवती गुंडाळली.

शहराबाहेर अबू फहद नावाच्या म्हाताऱ्याची शेती आहे. थंडीच्या दिवसांत तो सहलीला आलेल्या कुटुंबांना बोरीच्या झाडाखाली बसू देतो. एका शुक्रवारी आपली कोकणातली माणसं तिथे जमली होती. हलिमाभाभींनी पीठ मळायला हातातल्या दोन्ही बांगड्या काढून चटईवर ठेवल्या. त्यांच्या आईने लग्नात घातलेल्या सोन्याच्या बांगड्या त्या. संध्याकाळी कोणीतरी घाईत चटई झटकली. एक बांगडी चटईच्या काठाशी सापडली, दुसरी वाळूत गेली. ही जोडी लेकीला, अफशाँला, निकाहात द्यायची हे भाभींनी कधीचं ठरवलं होतं.

पुढच्या शुक्रवारी जलालभाई मला घेऊन तिथे गेले. तिथला राखणदार कादिर हैदराबादचा. परदेशात आपली माणसं करतात तेच जलालभाईंनी केलं. आपला माणूस ओळखीचा आहे, त्याला विचारलं म्हणजे झालं, मालकाला कशाला त्रास? कादिरही म्हणाला, "अरे भाई, अपनी ही जगह समझो." दोन खड्डे खणून झाले आणि अबू फहदची गाडी येऊन उभी राहिली.

इथे जमिनीखालचं जुनं काही शोधायला सरकारची बंदी आहे. त्यामुळे मला हातात धरलेला माणूस दिसला की लोकांना वाटतं, आला खजिनावाला. शिवाय कोणीतरी आधी तिथे चोरून खड्डे खणून ठेवले होते आणि त्यात म्हाताऱ्याच्या सांडणीचा पाय मोडला होता. अबू फहदने काही ऐकून घेतलं नाही. "खलास, जा," एवढंच म्हणाला. कादिरला आमच्यादेखत बोलणी बसली. जलालभाई मान खाली घालून गाडीत बसले.

त्यानंतर हलिमाभाभी आजारी पडल्या. दवाखान्यातून फोन आला की विचारायच्या, "मालकाला विचारलंत का हो?" जलालभाई म्हणायचे, "विचारतो." लाजेपायी विचारायला गेले मात्र नाहीत. भाभी गेल्या.

मला कपाटावर ठेवून दिलं. माझ्या पोटातले सेल हळूहळू उतरले. खाली जलालभाईंचंही तसंच चाललं होतं. कामावर जायचे, यायचे. कोणी बोललं तर उत्तर द्यायचे. रडले नाहीत. अफशाँ त्यांच्यासमोर चहा ठेवायची आणि ते कपाकडे बघत बसायचे. चहावर साय धरायची. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मलाही काही वाटत नव्हतं.

अफशाँ इथल्याच दवाखान्यात नर्स आहे. तिचा निकाह ठरला तेव्हा तिने डबीतली एकटी बांगडी काढून अब्बांसमोर ठेवली. "अब्बा, इस बार मालिक से पूछो. सीधे उन्हीं से."

"तो नाही म्हणेल गं."

"तो कहने दो. अम्मीला सांगता तरी येईल, विचारलं म्हणून."

तिचं बोलणं असंच, निम्मं हिंदी, निम्मं मराठी असतं. तिने मला खाली उतरवलं आणि नवे सेल घातले.

अबू फहदने दोघांना बैठकीत बसवलं. मला चपलांपाशी भिंतीला टेकवलं होतं, लपवलं नव्हतं. कॉफी आली. जलालभाईंनी तो इवलासा पेला, फिंजान म्हणतात त्याला, हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. घरी चहाचं करायचे तसंच. म्हातारा पेल्याकडे बघत राहिला.

"मागणं काय आहे तुझं?" त्याने विचारलं.

जलालभाईंनी सांगितलं. त्या वेळी कादिरला विचारलं, तुम्हाला विचारायला हवं होतं, हेही सांगितलं. आवाज सपाट होता, पाइपाची तक्रार सांगावी तसा.

"आमच्यात मागणं घेऊन आलेला पाहुणा फिंजान खाली ठेवतो," अबू फहद म्हणाला. "शब्द मिळाल्याशिवाय पीत नाही. तुला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," जलालभाई म्हणाले. "बायको गेल्यापासून पिणं होत नाही. समोर असतं, राहून जातं."

मग म्हाताऱ्याने स्वतः पेला उचलून त्यांच्या हातात दिला. "पी. तुझं काम झालं. जे निघेल ते आधी मला दाखव आणि प्रत्येक खड्डा बुजव."

झाडाखाली मी काम सुरू केलं. डब्याचं झाकण निघालं, तंबूची खुंटी निघाली, ट्रॅक्टरचा नट निघाला. प्रत्येक वेळी जलालभाई खड्डा बुजवून तळहाताने थापायचे. ऊन उतरत आलं. तेव्हा मी टुणटुणलो, आणि या वेळी वाळूतून पिवळं काही वर आलं. ट्रॅक्टरच्या चाकाखाली जरा चेपलेली बांगडी.

जलालभाईंनी ती खिशात टाकली नाही, लेकीलाही दिली नाही. आधी अबू फहदच्या हातावर ठेवली. त्याने अंगरख्याच्या टोकाने पुसून ती परत दिली आणि भाभींसाठी दुआ मागितली.

खड्डा बुजवून जलालभाई तिथेच बसले. कादिर चहा घेऊन आला. त्यांनी कप तोंडाला लावला आणि झटकन बाजूला केला.

"गरम आहे गं," ते अफशाँला म्हणाले.

आणि मग ते रडले. कप हातात धरून, सगळ्यांसमोर, पुष्कळ वेळ.

मित्रांनो, मी पुन्हा कपाटावर आहे, त्याच ओढणीत. माझं म्हणणं थोडंच आहे. दुसऱ्याच्या जमिनीत काही शोधायचं तर मालकालाच विचारा, आणि खड्डा बुजवल्याशिवाय निघू नका. माझ्यासारख्याला ठेवून देताना सेल काढून ठेवा, ते आतल्या आत गळतात. आणि घरात कोणाचा चहा रोज गार होत असेल, तर त्याला बोलू नका. दुसरा करून द्या.