मापाचा ब्लाउज

सकाळपासून संजनाने आपल्या फॅशन डिझाइन स्कूलच्या दारात इतक्या येरझाऱ्या घातल्या की, खालच्या किराणावाल्याला चक्कर यायचीच काय ती बाकी होती. इंदिरानगरमधला भाड्याचा हॉल, नवीकोरी टेबलं, भिंतीवर स्केचेस, सगळं जय्यत तयार. फक्त विद्यार्थिनी एकही नव्हती. आज एकही प्रवेश झाला नाही तर सोमवारी पुण्याच्या नोकरीवर परत जाईन, असं तिने आईला ठणकावून सांगितलं होतं. आता तेच आठवून तिला घाम फुटत होता.

संध्याकाळी जिन्यात बांगड्या वाजल्या आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिची आई लताबाई कॉलनीतल्या बायकांना घेऊन वर आली. प्रत्येकीच्या पिशवीत नवा ब्लाउजपीस आणि मापाला एक जुना ब्लाउज.

"आई, मी टेलरिंगचं दुकान नाही गं काढलं!"

"फॅशन म्हटलं की कोणी येईना. शिलाई म्हटलं, तर बघ!"

संजनाच्या अंगाचा तिळपापड झाला. रडूही येत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून तिने सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या चांगुणाबाईंचा जुना ब्लाउज उचलला. "हा नीट बसतो तुम्हाला?"

"छे! काखेत लय काचतो."

"मग मापाला हाच का?"

"लग्नातला आहे. पहिल्यापासून हाच देते. टेलर पडला बाप्या माणूस, त्याला अंगाचं माप द्यायचं म्हणजे लाज वाटते ना!"

बायका हसल्या, मग आपापल्या पिशवीतला जुना ब्लाउज चाचपू लागल्या.

"इथे शिवून मिळणार नाही," संजना म्हणाली. "माप घेण्यापासून सगळं शिकवीन. कोण शिकतंय?" तिने टेप पुढे धरला.

कोणी हलेना. मग चांगुणाबाईंची सून सविता मागून पुढे आली आणि तिने टेप घेतला. "आत्या, हात वर करा."

चांगुणाबाईंनी लाजत हात वर केले. सविताने संजनाला विचारत विचारत माप घेतलं, मग टेबलावरच्या ब्लाउजला टेप लावला.

"आत्या, हा तुम्हाला केवढा लहान आहे!"

चांगुणाबाई त्या ब्लाउजकडे बघतच राहिल्या. डोळे भरून आले.

"आणि मी म्हणायचे, माझंच अंग बेढब," त्या म्हणाल्या. मग संजनाकडे वळल्या. "हिचं नाव घाल पोरी. घरचा स्वयंपाक मी बघते."