डोळ्यातला चुना

दोघे भाऊ रफूगार. दुकान एकच, खिडकी एकच, आणि खिडकीजवळची खुर्ची थोरल्याची. बाप जाताना सांगून गेला होता, "ज्याची नजर चांगली, उजेड त्याचा." धाकटा मागे भिंतीशी, पिवळ्या बल्बखाली बसायचा. ती खुर्ची वीस वर्षं त्याच्या डोळ्यात सलत होती.

एके दिवशी मास्तरीणबाई कोट घेऊन आल्या. एका धुण्यात कोपरावरचं रफू आखडून गोळा झालं होतं.

"रफू केलंय की वासराने चघळलंय?"

"दादाचं काम," धाकटा जागचा न हलता म्हणाला. "वय झालं त्याचं."

थोरल्याला कोट आठवेना. दिवसाला सात-आठ कपडे हाताखालून जायचे. असेल बाबा माझंच, म्हणून त्याने तो दुरुस्तीसाठी खुंटीला अडकवला. पण धाकट्याचं बोलणं मनातून जाईना. नजर गेली तर रफूगाराचं उरतं काय?

दुसऱ्या दिवशी तो डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. धाकटाही सोबत निघाला. मायेने नव्हे, निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायला.

बाईंनी बराच वेळ डोळ्यात उजेड पाडून पाहिलं. "काका, डोळ्याच्या आत जो पारदर्शक गर असतो ना, त्यात चुन्याचे बारीक कण साचलेत. डोळा हलला की हलतात. चांदण्याच म्हणा ना."

"मी आंधळा होणार का?"

"छे हो! यानं काही होत नाही. तुम्हाला दिसतात का ते कण?"

"नाही."

"बघा. तुम्हाला बाहेरचं स्वच्छ दिसतं. मलाच तुमच्या आतलं दिसायला त्रास." त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून घेतली आणि डोळ्याचा फोटो हातात दिला.

"ऐकलंस ना?" रस्त्यात थोरल्याने विचारलं.

"ऐकलं. चुना म्हणाल्या."

सकाळी फोटो दुकानाच्या दर्शनी भिंतीवर टाचलेला. तांबड्या गोलात पांढरे शिंतोडे. येईल त्याला धाकटा बोटाने दाखवी, "दादाच्या डोळ्यात चुना भरलाय. काम माझ्याकडे द्या." मला नीट दिसतं, असं थोरला सांगे, पण फोटोपुढे तोंडाचं कोण ऐकतो? तीन दिवस त्याच्यापुढे चिंधीसुद्धा आली नाही. चौथ्या दिवशी धाकट्याने आपला सुयांचा डबा खिडकीत आणून ठेवला.

"मागे जा, दादा. बापाचाच शब्द आहे."

थोरला उठला. जाता जाता त्याने खुंटीवरचा मास्तरीणबाईंचा कोट काढला, अस्तर उसवलं आणि रफूची मागची बाजू वर केली. धागा वळवताना मागे बारीकसा फास सैल सोडायचा, म्हणजे धुण्यात धागा आटला तरी कापड ओढलं जात नाही, ही बापाची शिकवण. थोरल्याने ती कधी मोडली नव्हती. इथे एकही फास नव्हता. प्रत्येक धागा करकचून ओढलेला.

तेवढ्यात मास्तरीणबाई कोट न्यायला आल्याच. थोरल्याने त्यांच्यासमोर आपलं एक जुनं काम उलटं करून कोटाशेजारी ठेवलं. बाईंनी दोन्हीवर बोट फिरवलं आणि धाकट्याकडे पाहिलं.

"नाचता येईना अंगण वाकडं! आणि अंगण म्हणजे सख्खा भाऊ!"

धाकट्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "त्या बल्बखाली फास दिसतात का कुणाला? वीस वर्षं अंधारात बसवलंस मला, दादा!"

ते खोटं नव्हतं. थोरल्याला ते लागलं, म्हणूनच तो जास्त चिडला.

"मग हेच त्या दिवशी बोलायचं होतंस. खुर्ची अर्धा दिवस दिलीही असती तुला. आता नाही."

त्याने सुयांचा डबा उचलून मागच्या टेबलावर आदळला. धाकटा भिंतीवरचा फोटो काढायला गेला.

"राहू दे. डोळा माझा आहे."

मग थोरला खिडकीशी बसला, पाठ ताठ करून, खुर्ची थोडी सरकवून. मागे जो काही उजेड जायचा, तोही आता जात नव्हता.