न वाजणारी लांबी

हिरवा दोरा. रेशमी. तारेच्या शेपटाला घट्ट गुंडाळलेला, आणि जिथे असू नये नेमका तिथेच, नटच्या खाचेत, पाय पसरून बसलेला… नट म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाची ती हाडासारखी पांढरी पट्टी. तारा तिच्यावरून जाऊन मग पलीकडच्या खुंट्यांना गुंडाळल्या जातात. पट्टीवर धातू यायला हवा, दोरा पट्टीच्या पलीकडे सुरू व्हायला हवा. सिद्धेशने पुन्हा वाकून पाहिलं, जणू रात्रीतून तार वाढली असेल. वाढली नव्हती. तारा मुलांसारख्या नसतात, खाऊन-पिऊन वाढत नाहीत… आणि मुलं तरी कुठे.

त्याने बोटाने दाबून एक सूर काढला. ठीक. दुसरा काढला, तोही ठीक. मग बोट उचलून सगळ्यात जाड तार मोकळीच छेडली, आणि ओल्या गादीवर उशी पडावी तसा आवाज झाला. दाबल्यावर बोलते, मोकळी सोडली की गप्प. अशी माणसं असतात हे त्याला ठाऊक होतं. तारेनेही तसंच वागावं हे मे महिन्याच्या शेवटी, लखनौच्या उन्हात, जरा जास्तच होत होतं.

दोष कुणाचाच नव्हता, आणि याचाच त्याला जास्त शीण आला. दोष असला की निदान कुणावर तरी चिडून बसता येतं. बास गिटारची तार सहसा चौतीस इंच वाजते. त्याची पस्तीस इंच वाजे. तो एक इंच मुद्दाम होता, पाचवी, सगळ्यात खालच्या सुराची तार लुळी पडू नये म्हणून. पाकिटावर छापलं होतं, पस्तीस इंचांपर्यंत चालेल. तो ऑफिसला गेला असताना बाबांनी आपल्या वनस्पती-संशोधन संस्थेतला पोलादी टेप काढून नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे खालच्या टोकाला तार जिथे टेकते त्या धातूच्या पट्टीपर्यंत, तीनदा मोजलं, तिन्हींची सरासरी काढली आणि मगच तारा मागवल्या. सगळं बरोबर. फक्त त्याच्या गिटारमध्ये तार ब्रिजपाशी सुरूच होत नसे—ती पाठीमागून, लाकडाच्या आरपार यायची. ती लांबी पुढून दिसत नाही. ती वाजतही नाही. पण ती धरली नाही तर तार नटपर्यंत पोचता पोचता संपते आणि दोरा सुरू होतो… हिरवा.

"मिरजेचा माणूस तारेत चुकत नाही," पाकीट देताना बाबा, म्हणजे हेमचंद्र, म्हणाले होते, परीक्षेचा पेपर परत करावा तसं ते दोन्ही हातांनी पुढे करून. मिरजेत तंबोरे होतात, सतारी होतात. बाबा मात्र तिथून थेट वनस्पतिशास्त्रात गेले आणि तिथून लखनौला, आणि आयुष्यभर पानांचे हिरवे रंग एकमेकांपासून वेगळे करत बसले. सिद्धेशच्या वाजवण्यावर त्यांनी आजवर दोनच शेरे मारले होते. पहिला, चार तारांची गिटार आणली तेव्हा, "दोन कमी आहेत." दुसरा, पाच तारांची आणली तेव्हा, "प्रगती आहे." आणि आता एकदम तारा. रिटायर झाल्यावर माणूस बेजबाबदार होतो.

नट म्हणजे काय हेही त्यांनी विचारून घेतलं होतं. आई आतून म्हणाली होती, "तो हलला की नाटक पडतं."

"जाण्याआधी तो सगळ्यात खालचा सूर ऐकव एकदा," बाबा म्हणाले होते. "ज्याच्यासाठी ही पाचवी घेतलीस. शनिवारी संध्याकाळी."

आज शनिवार. उद्या आईबाबा दोघं चारबाग स्टेशनवरून गाडीत बसणार होते, मिरजेला, कायमचे. आणि पाचव्या तारेवरचा सगळ्यात खालचा सूर फक्त मोकळ्या तारेतच असतो. तो दाबून काढता येत नाही.

आपण कशाला मधे पडावं, असं त्याला सगळ्याच बाबतीत वाटे. मार्चमध्ये बाबांनी विचारलं होतं, "आम्ही मिरजेला जावं म्हणतोय. तुझं काय मत?" आणि तो म्हणाला होता, "देखते हैं." लखनौमध्ये या दोन शब्दांवर लग्नं ठरतात आणि मोडतातही, सोय असते. बाबांनी तिकिटं काढली. त्याने इंदिरा नगरमध्ये एक खोली पाहिली. कुणी कुणाला काही बोललं नाही, आणि दिवसभर हेडफोन लावून पाण्याच्या फिल्टरबद्दल परक्या माणसांची माफी मागणाऱ्याला घरी आल्यावर स्वतःसाठी शब्द उरत नाहीत… असं तो स्वतःला सांगे. ते खरंही होतं. पूर्ण नव्हतं.

दुपारी तो हजरतगंजच्या मागच्या गल्लीतल्या वाद्यांच्या दुकानात गेला. मोहनजी हार्मोनियमवर डोकं टेकवून पेंगत होते. मान हलली की एखादी पट्टी दबायची, भाता बंद असल्यामुळे आवाज मात्र येत नव्हता.

"लंबी वाली चाहिए," सिद्धेश म्हणाला. "बेस की."

"कितनी लंबी?"

"सबसे लंबी."

"सबसे लंबी तो बिजली विभाग के पास है, भैया. वो भी लटकी हुई."

लंबी. हा शब्द तोंडातून गेला की त्याला दर वेळी लाजल्यासारखं होई. तो पहिलीत असताना बाबा संस्थेच्या डोंगरातल्या केंद्रावर गेले होते. रात्री तो विचारी, बाबा कुठे? आणि आई सांगे, बाबा लांब आहेत रे, खूप लांब. त्याने शाळेत जाऊन हे इमानदारीने हिंदीत केलं: मेरे पापा बहुत लंबे हैं. मग सुट्टी संपली, बाबा आले नाहीत, आणि आई म्हणाली आता आणखी लांब पाठवलंय. मेरे पापा और लंबे हो गए हैं. वर्गात त्याचा दरारा वाढला. मुलं विचारत, पंखा लगता है क्या? आणि तो, आईने सांगितलं होतं की तिथे पंखा लागतच नाही एवढी थंडी असते, म्हणून खरं तेच सांगे: वहाँ पंखा है ही नहीं. मग एकदा बाबा खरंच शाळेत आले—पाच फूट चार इंच, हातात रोपांची पिशवी. मुलं त्यांच्या मागे बघत राहिली, उंच माणूस अजून यायचाय म्हणून. शेवटी एकाने हळूच विचारलं, "घट गए?"

त्या दिवसापासून की काय, तो घरात हिंदीतच उत्तरं द्यायला लागला. मराठी कळायची सगळी. बोलायला भीती वाटे. एका शब्दात बाप उंच होतो आणि एका शब्दात आखूड.

मोहनजींनी माळ्यावरून एक पाकीट काढून फुंकलं. "एक्स्ट्रा लाँग. एक ही सेट है. एक बैंड वाले ने मँगवाया था, फिर शादी ही टूट गई, दूल्हा भाग गया."

"तो बैंड वाले को क्या?"

"बैंड वाला ही दूल्हा था."

सिद्धेशने पाकीट उजेडाकडे धरलं. लांबी बरोबर होती. दोरा लाल होता.

"हरे में नहीं आएगा?"

"भैया," मोहनजी शांतपणे म्हणाले, "आप तार ले रहे हैं कि साड़ी?"

परत येताना ई-रिक्षात, मांडीवर पाकीट ठेवून, त्याने सगळे मार्ग तपासले. लाल लावावी तर बाबांना दिसणारच. ज्या माणसाला कडुलिंबाच्या आणि बकाणनिंबाच्या हिरव्यात फरक कळतो त्याला हिरव्यातला आणि लालमधला कळणार नाही? सांगावं, बाबा, पिकली, मिरचीसारखी. हिरवीच ठेवावी तर तो सूर निघणार नाही. खरं सांगावं तर बाबा उद्या गाडीत दोन दिवस त्या चुकलेल्या इंचाबरोबर बसतील, वरच्या बर्थवर, बूट काढून… आणि न सांगावं तर मिरजेत, शेजाऱ्यांना, आयुष्यभर सांगतील, मुलाला तारा मीच आणून दिल्या, चपखल बसल्या. यातलं वाईट कुठलं, हे ठरवायलाही बळ लागतं. रिक्षा खड्ड्यातून गेली. त्याने डोळे मिटले. देखते हैं.

त्याने काहीच बदललं नाही. नवं पाकीट खिशातच राहिलं.

संस्थेच्या क्वार्टरमध्ये खोक्यांशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. बाबा एका खोक्यावर ताठ बसले होते. खोक्यावर लिहिलं होतं 'सूक्ष्मदर्शक, उलटा ठेवू नये', आत प्रेशर कुकर होते.

"वाजव रे लवकर," आई आतून म्हणाली, "मला ती गादी गुंडाळायचीय."

त्याने दाबलेले सूर वाजवले, जेवढे येत होते तेवढे, घोळून घोळून. बाबांनी डोळे मिटले आणि पायाने एक ठेका धरला, ज्याचा या गाण्याशी काही संबंध नव्हता.

"आता तो," ते म्हणाले.

त्याने बोट उचललं आणि मोकळी तार छेडली.

"काय पडलं?" आईने आतून विचारलं.

बाबांनी डोळे उघडले. थोडा वेळ ते गिटारच्या छोट्या अँप्लिफायरकडे बघत राहिले, काही राहून गेलेलं मागाहून येईल तसे.

"असाच असतो?"

"हाँ… मतलब…"

"लांब हवी होती का?"

उत्तरं दोन होती आणि दोन्ही हिंदीत तयार होती. थोड़ी लंबी. किंवा, नहीं, ठीक है. खिशातलं पाकीट मांडीला टोचत होतं. आणि तोंडातून भलतंच निघालं, वर्षानुवर्षं न वापरलेल्या मराठीत, पहिलीतल्या आवाजात:

"लांब नको."

बाबा त्याच्याकडे बघत होते, चष्म्याच्या वरून, एखाद्या पानाकडे बघावं तसे. नको कशी, आखूड तर पडतेय, असं ते आता म्हणणार, त्याला वाटलं. त्याऐवजी त्यांनी त्याच्या मांडीवरची गिटार घेतली, उलटी केली आणि पाठीवरच्या पाच भोकांवरून अंगठा फिरवला.

"अच्छा," ते हळू म्हणाले. "इथून येते होय. हे धरलंच नाही मी."

"दिखता नहीं है, बाबा."

"हं."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून पोलादी टेप काढला. उद्या जाणारा माणूस, सगळं सामान बांधलेलं, टेप मात्र खिशात. "हे टोक धर. इथे, भोकापाशी."

सिद्धेशने टोक धरलं. बाबा दुसरं टोक ओढत मानेकडे सरकले, टेप ताणला गेला, आणि त्यात एक बारीक कंप आला, तो त्याच्या बोटांपर्यंत पोचला. आपण तारेबद्दल बोललो की मिरजेबद्दल… बाबांना काय ऐकू आलं… विचारता आलं असतं. टोक सोडलं असतं तर टेप सर्रकन बाबांच्या हातात परत गेला असता आणि विषय मिटला असता. शीण होताच, सकाळइतकाच, तिथेच, खांद्यांत; पण आज पहिल्यांदा त्याला तो कशातून तरी आरपार आल्यासारखा वाटला, पाठीमागून, न दिसणाऱ्या भागातून.

"घट्ट धर," बाबा आकड्यावर वाकत म्हणाले. "सैल पडतंय."

"धरलंय," तो म्हणाला.