थोडं आयुष्य उरलेला टायर

जुना टायर घेताना लोक वरची नक्षी बघतात आणि फसतात. नक्षी म्हणजे चेहऱ्यावरची पावडर. टायर आधी उलटा करावा, आतून दोरे दिसतात का ते बघावं. मग बाजू चिमटीत धरून वाकवावी. बारीक भेगा उघडल्या, तर रबर वाळलंय. शेवटी नख रुतवावं. खूण चटकन भरून आली, तर अजून जीव आहे. घरोघरी विजेचे मीटर वाचत मी उभी हयात सायकलवर काढली. मला टायर कोणी शिकवू नये.

एवढं कळत असून मी मुद्दाम मरायला टेकलेला टायर घेतो. दोन महिन्यांत बोंबलेल असा. त्याहून वाईट घेत नाही, कारण भर रस्त्यात फुटून हाडं मोडून घ्यायची मला हौस नाही.

बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. लेक लांब असते. फोनवर ‘बाबा, जेवलात ना?’ विचारते, मी ‘हो’ म्हणतो, संपलं. घरात सगळ्यात मोठ्याने बोलतो तो कुकर. टायरवाल्याकडे मात्र टायर बसेपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असतो. गिऱ्हाइकांच्या नकला, बायकोशी झालेली भांडणं, माझ्या गुडघ्यावर नवनवे उपाय. नुसता गप्पा मारायला गेलो, तर तो काही हाकलून देणार नाही. पण मला ते जमत नाही. जन्मभर कोणाच्या दारात कामाशिवाय उभा राहिलो नाही. काहीतरी काम हवं, म्हणून टायर.

परवा मागच्या टायरने मान टाकली. मी खुशीत दाढी केली, सायकल ढकलत दुकान गाठलं आणि ढिगातून एक छान कुजका टायर निवडला. टायरवाल्याने तो माझ्या हातातून ओढून परत ढिगात फेकला.

“काका, दर वेळी तुम्ही हेच भंगार उचलता. मला कळत नाही होय?”

याने ओळखलं. लाज वाटली, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

“राग मानू नका,” तो हळूच म्हणाला, “पण तुमची नजर गेलीय आता. टायरमधलं तुम्हाला कळत नाही. वय झालं की व्हायचंच.”

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! त्या टायरच्या सतरा खोडी मी तिथल्या तिथे मोजून दाखवल्या असत्या. पण मग त्याने विचारलं असतं, कळतं तर घेता कशाला?

तो आत गेला आणि कागदात गुंडाळलेला टायर घेऊन आला. “एका मुलीने सायकल आठवडाभर चालवली आणि मला विकून टाकली, तिचा हा. दोघंतिघं मागत होते, दिला नाही. म्हटलं, हा काकांचा.”

माझ्यासाठी कोणीतरी काहीतरी बाजूला काढून ठेवलं होतं. असं होऊन किती काळ लोटला होता! मी टायर उलटा केला. एक दोरा दिसेना. वाकवला, भेग नाही. नख रुतवलं, काढायच्या आत खूण भरली. कुठेतरी खोट सापडावी म्हणून मी तो सगळा चाचपला. तीन वर्षं तर कुठेच गेली नाहीत.

तो टायर बसवताना बोलत होता. माझं लक्ष नव्हतं. मला ती तीन वर्षं दिसत होती.

“झालं!” सीटवर थाप मारून तो म्हणाला. “आता इकडे फिरकायला नको, काका.”

“आणि यावं लागलं तर?”

त्याने छातीवर हात ठेवला. “माझा शब्द आहे. गरजच पडणार नाही.”

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. तो त्याच्याशी बोलायला लागला.