जहाजावर कळवायचं नाही

"आधी थोरलीचं सांगते," फोन तोंडाशी धरून आणि बटण अंगठ्याने दाबून ठेवत आई म्हणाली. "तिची व्हॉलीबॉलची टीम फायनलला गेलीय. कोचबाईंचा निरोप आला. राहायच्या ठिकाणी पंखे कुरकुरतात म्हणून ही पण कुरकुरतेय, पण जेवायला दोनदा वाढून घेते म्हणे, तेव्हा काळजी नको. सामना असला की कोचबाई सगळ्यांचे फोन पिशवीत जमा करून घेतात. मला तर फार आवडली ही पद्धत. गणितात किती पडले ते तेवढं विचारू नका. नापास नाही, एवढ्यावर समाधान माना."

हा दर रविवार सकाळचा कार्यक्रम होता. नवरा मालवाहू जहाजावर फिटर होता, म्हणजे इंजिनाच्या पोटात शिरून पाने फिरवणारा माणूस. जहाज बंदराला लागलं की त्याच्या फोनला जीव यायचा आणि साठलेले सगळे निरोप तो आपल्या खाटेवर बसून एका दमात ऐकायचा. म्हणून दर रविवारी ती पोरांचा हालहवाल सांगायची. कोण जिंकलं, कोणाचे किती मार्क आले, कोण कुठे चाललंय. ती स्वतः घर आणि चष्म्याचं दुकान यापलीकडे फारशी हलत नसे. दुकानात ती फ्रेममध्ये काचा बसवायची. पोरांच्या पायाला मात्र भिंगरी होती.

निरोपाला एक नियम होता. काही वर्षांपूर्वी धाकट्याला ताप आला तेव्हा तिने तो जहाजावर कळवला होता. नवऱ्याने ऐकलं आणि त्याच संध्याकाळी जहाज खोल समुद्रात गेलं. इकडे ताप उतरला, पोरगं आइस्क्रीम मागू लागलं. तिकडे बाप झोपेविना काम करत राहिला आणि लक्ष नसताना तापल्या नळीवर हात टेकवून बसला. तेव्हा तिने ठरवून टाकलं, की जहाजावर चांगलं तेवढंच कळवायचं. वाईट असेल ते इथल्या इथे निस्तरायचं. तिकडे बसून त्या माणसाने करायचं तरी काय? पोरांना हा नियम तोंडपाठ होता. आपलं वाक्य बोलायच्या आधी थोरली घसा खाकरून विचारायची, "सेन्सॉर झालं का?"

"आता धाकट्याचं," म्हणून तिने दाराकडे पाहिलं. धाकट्याला पाव आणायला खाली पाठवलं होतं आणि लिफ्ट बंद होती. बटण तसंच दाबून धरून ती जिन्यापाशी गेली आणि ओरडली, "अरे, लवकर ये, बाबांसाठी बोलायचंय." तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. पाव टेबलावर ठेवला, तिच्या हातातल्या फोनकडे तोंड नेलं आणि हसला.

"बाबा, मी मजेत आहे. पुढच्या रविवारी माझी दोनशे मीटरची..."

तिथे तो थांबला. आईने काहीतरी विचारलं आहे आणि आपल्याला उत्तर आठवत नाही, अशा चेहऱ्याने त्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याचे गुडघे दुमडले आणि खुर्चीला घेऊन तो खाली कोसळला.

तिने त्याला हलवलं, हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. डोळे अर्धे उघडे होते आणि आत कुणी नव्हतं. ओठांचा रंग गेला होता. किती वेळ गेला ते तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. मग त्याने एक मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि म्हणाला, "पाव आणला ना मी?"

शेजारच्या टॅक्सीवाल्याने दोघांना दवाखान्यात नेलं. वाटेत त्याने दोनदा सांगितलं, की वयात येताना पोरांना चक्कर येतेच. तिने दोन्ही वेळा हो म्हटलं. धाकटा खिडकीतून बाहेर बघत होता आणि ती त्याच्या ओठांकडे बघत होती.

नर्सने त्याला पडद्याआड झोपवलं, छातीला वायरी चिकटवल्या. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर सरकत राहिली. आईला बाहेर थांबायला सांगितलं. तेव्हा कुठे तिने फोन पाहिला. अंगठा सुटल्याबरोबर निरोप आपसूक निघून गेला होता. त्यात थोरलीची फायनल होती, धाकट्याचं हसणं होतं, खुर्ची पडल्याचा आवाज होता आणि तिची किंकाळी होती. पुढे एकच खूण होती, म्हणजे अजून तिकडे पोचला नव्हता.

तिने तो पुसून टाकला. पहिलं काम तिने हे केलं. मग भिंतीकडे तोंड केलं, घसा साफ केला आणि नवा निरोप बोलली. "अहो, आमचं सगळं छान. थोरलीची आज फायनल. धाकट्याचं पोहणं जोरात चाललंय, पाण्यात नुसता मासा झालाय. आत्ता अभ्यासाला बसलाय, म्हणून त्याचा आवाज नाही." आवाज चांगला लागला होता. तिला स्वतःलाच नवल वाटलं.

पडदा कापडाचा होता आणि धाकटा जागा होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केसांत पेन खोचलेलं. त्या पट्टीकडे नको तितका वेळ बघत राहिल्या. त्यांनी भराभर काहीतरी बोलून टाकावं असं आईला वाटत होतं आणि बोलूच नये असंही वाटत होतं.

"याआधी असं कधी झालंय?"

"नाही," आई लगेच म्हणाली. "कधीच नाही. पोहतो तो, तब्येत उत्तम आहे."

"मी त्याला विचारतेय."

धाकट्याने डॉक्टरांकडे बघितलंच नाही. त्याने आईकडे बघितलं. "सांगू?"

मग त्याने सांगितलं. एकदा शाळेच्या मैदानावर. दोनदा पोहण्याच्या तलावात. पहिल्यांदा डोळ्यांपुढे अंधार आला तेव्हा हाताला दोर लागला म्हणून वाचला. दुसऱ्यांदा पाण्याखाली गेला. शेजारून पोहणाऱ्या मुलाने काखेत धरून वर काढलं आणि धाकट्याने सगळ्यांना सांगितलं, की नाकात पाणी गेलं. ताईला माहीत होतं. पुढच्या रविवारची स्पर्धा झाली की आईला सांगायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"वाईट असेल ते कळवायचं नाही ना," तो म्हणाला. "लांबच्या माणसाला उगाच काळजी."

"मी कुठे लांब आहे रे?"

तो विचार करू लागला. रागाने नाही. त्याला कोणताही प्रश्न विचारला तरी तो आधी विचार करायचा, मास्तरांची तीच तक्रार असायची.

"तू दुकानात असतेस," तो म्हणाला.

रोज संध्याकाळी ती त्याला तलावाच्या फाटकाशी सोडायची आणि भाजी घ्यायला जायची. मोकळा वेळ मिळाला म्हणून खुशीत असायची, एखादी ओळखीची भेटली तर गप्पा मारायची. तो ओल्या केसांनी परत यायचा. तो परत यायचा, ही काही मोठी गोष्ट आहे असं तिला इतके दिवस वाटलंच नव्हतं. आता एकेक संध्याकाळ डोळ्यांपुढे येऊ लागली.

डॉक्टरांनी तिला बाजूला नेऊन साध्या शब्दांत समजावलं. एका ठोक्यानंतर दुसऱ्या ठोक्यासाठी तयार व्हायला याचं हृदय जास्त वेळ घेतं. एरवी कळतही नाही. पळताना, पोहताना, दचकल्यावर मात्र त्याचा ताल बिघडू शकतो. औषधाने बहुतेक वेळा आवरतं. पण नीट तपासण्या होईपर्यंत पळणं नाही, पाणी तर मुळीच नाही, आणि आज इथेच ठेवायचं.

"आणि हे बहुधा घराण्यातून येतं. भावंडं आहेत?"

"मोठी बहीण."

"कुठे आहे ती?"

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "खेळतेय," ती म्हणाली.

"तिला असेलच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आधी तिला थांबवा."

थोरलीचा फोन बंद होता. तो पिशवीत होता. कोचबाईंचा वाजत होता, वाजून वाजून थांबत होता. आई पुन्हा लावायची. थोरली नेटपाशी खेळायची, टीममध्ये तिच्याइतकं उंच कुणी उडी मारत नसे, आणि त्या उड्यांचं किती कौतुक दर रविवारी जहाजावर गेलं होतं. आता घंटा वाजतेय तोवर ती एकेक उडी मारत असणार. वर जात असणार, खाली येत असणार. आईला खाली येण्याचीच भीती वाटत होती. ती दवाखान्याच्या बोळात भिंतीला टेकून उभी राहिली. देव आठवला, पण शब्द आठवले नाहीत. एका वॉर्डबॉयने खुर्ची दिली तर तिने ती नुसती धरून ठेवली.

शेवटी कोचबाईंनी उचलला. "बाई, दोन्हीकडे एकेक सेट झालाय," त्या धापा टाकत म्हणाल्या. आई स्कोअर विचारायला फोन करतेय असंच त्यांना वाटलं होतं.

"तिला बाहेर बसवा. आत्ता."

"अहो, शेवटचा सेट आहे."

"बसवा तिला. तिच्या भावाच्या हृदयात दोष निघालाय, तिलाही असेल. बसवा."

मग थोरलीचा आवाज आला, मागे गलका. "काय गं आई? काय झालंय?"

"तुला कधी चक्कर आलीय? खेळताना?"

"त्याने सांगितलं तुला?"

"त्याचं नाही, तुझं विचारतेय."

"नाही. शप्पथ नाही. मी मजेत आहे."

आईला कळेना, विश्वास ठेवावा की नाही. पोरगी खरंही बोलत असेल. पण असा साफ, हसरा आवाज काढायला तिला शिकवलं कुणी? दर रविवारी, फोन पुढे धरून? तिला आपलीच भीती वाटली.

थोरली रडायला लागली होती, खेळू देणार नाहीत म्हणून. मग एकदम थांबून तिने विचारलं, "तो बरा आहे ना?"

"नाही," आई म्हणाली. "अजून नाही. घरी ये."

डॉक्टरांचं विचारणं संपलं नव्हतं. घराण्यात कुणी लहान वयात, अचानक गेलं होतं का? तिच्या माहेरची माणसं म्हातारी होऊन, सगळ्यांना कंटाळा आणून गेली होती. सासरकडे एक दीर शाळेत असताना तळ्यात बुडाला होता. पण त्याला पोहता येत नव्हतं. म्हणून तर नवऱ्याचा एकच हट्ट होता, की पोरांना पोहायला आलंच पाहिजे. धाकट्याला तलावात घातलं होतं ते त्याच्याच सांगण्यावरून.

"त्यांना नीट विचारून घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

जहाज कंपनीच्या कचेरीचा एक नंबर तिच्याकडे होता, फक्त अडचणीच्या वेळी लावायचा. तिने तो आजवर कधी लावला नव्हता. पलीकडच्या माणसाने विचारलं, की गंभीर आहे का. ती हो म्हणाली. मग ती धाकट्याच्या खाटेशी स्टुलावर बसून राहिली. तो झोपला होता. त्याची छाती वर-खाली होताना ती बघत होती. मधेच ती हलेनाशी झाली असं तिला वाटायचं आणि ती अर्धवट उठायची.

दुपार कलल्यावर फोन वाजला, कचेरीने थेट जहाजावरून जोडून दिलेला. आधी खरखर आली, मग नवऱ्याचा आवाज. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. तलावातलं सांगितलं, थोरलीला फायनलमधून उठवल्याचं सांगितलं. सकाळचा निरोप आपण पुसला आणि दुसरा खोटा पाठवला, हेही सांगितलं. मग तिने त्याच्या भावाचं विचारलं.

पलीकडे एक दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"त्याला पोहता येत होतं," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगलं. तळ्याच्या मध्यावर गेला आणि तिथेच थांबला. हाक नाही, हात वर नाही. मी काठावर होतो."

"मग येत नव्हतं असं का सांगितलंत?"

"घरात तसंच सांगायचे. पोहणारं पोरगं शांत पाण्यात कसं बुडालं, असं लोक विचारायचे. काय सांगणार? येत नव्हतं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. मग मीही तेच धरून चाललो. अगं, मी त्याला पाण्यात घातलं."

तिला संताप आला. तो खरा होता आणि पुढे कधीतरी बाहेर पडणारच होता. आत्ता संतापाला वेळ नव्हता. नवऱ्याच्या भावाकडून तिच्या मुलापर्यंत हे आलं कुठून, ते तिला समजलं होतं. मधे एकच माणूस होता. तो या क्षणी समुद्रावर होता, इंजिनाच्या उष्म्यात, जिथून डॉक्टर कितीतरी दिवसांच्या अंतरावर असतो.

"आणि तुम्हाला?"

"मला काय?"

"तुम्हाला शुद्ध हरपून पडायला झालंय कधी?"

"इथे खाली गरम फार असतं गं."

"ते नाही विचारलं मी."

खरखर चालू राहिली. धाकट्याला जाग आली होती. फोनवर कोण आहे ते त्याने भुवया उंचावून विचारलं. पडद्याबाहेर जावं म्हणून ती अर्धवट उठली होती, ती परत बसली. तिने फोन उशीवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"बोला," ती म्हणाली. "तोही ऐकतोय."

नवरा बोलू लागला, आधी अडखळत. मुलगा वायरी सांभाळत कुशीवर वळला आणि त्याने कान फोनजवळ नेला.